पर्यायी क्रमांक

फोन वाजला तेव्हा ब्रशचं टोक बुबुळाच्या कडेवर होतं आणि तिनं श्वास रोखून धरला होता. बुबुळाची कडा म्हणजे रेघ नव्हे. लांबून ती रेघ दिसते, पण जवळ जावं तसं कळतं की राखाडी रंग तपकिरीत नुसता विरत गेलाय, कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे त्या रंगांनाही सांगता येणार नाही. हे विरणं साधलं नाही तर डोळा बाहुलीचा होतो, माणसाचा होत नाही. म्हणून तिनं फोन वाजू दिला. समोर, खिडकीच्या उजेडात, पोहायला शिकवणारे मास्तर मान ताठ ठेवून बसले होते. तलावातल्या दोरीचा लोखंडी आकडा सुटून उसळला आणि त्यांचा उजवा डोळा गेला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. काळा चष्मा त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. तो काढायला माणसं किती वेळ लावतात हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. कोणी आधी हवेबद्दल बोलतं, कोणी भिंतीवरच्या रंगांच्या नमुन्यांकडे बघत राहतं, कोणी जिन्याला नावं ठेवतं, आणि मग एकदम, कोणी ढकलल्यासारखं, चष्मा काढतं. मास्तरांनी पहिल्या भेटीत तो काढलाच नव्हता. दुसऱ्या भेटीत काढला तो पाठ फिरवून. घरी बायकोसमोरसुद्धा ते तो काढत नाहीत, दिवा मालवल्यावर काढतात, हे त्यांनी तिला सांगितलं होतं, तेही भिंतीला सांगावं तसं. आज मात्र ते आल्या आल्या चष्मा काढून बसले होते आणि डाव्या, चांगल्या डोळ्यानं तिच्या हातातल्या छोट्याशा चकतीवर उमटत चाललेला आपला दुसरा डोळा बघत होते.

फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"घ्या की," मास्तर म्हणाले. "माझा डोळा कुठे पळून जात नाही. जो पळायचा तो पळाला."

नंबर अनोळखी होता. तिनं फोन कानाशी धरला, ब्रश दुसऱ्या हातात तसाच.

"रंगारीण," पलीकडून आवाज आला, "ब्रश खाली ठेव आधी."

तिनं ठेवला. आवाज ओळखण्याआधी हातानं ऐकलं. मग ओळख पटली, जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी तसं. रंगारीण म्हणणारं माणूस जगात एकच होतं. नवऱ्याची थोरली बहीण. म्हणजे घटस्फोटानंतर आता नवराच नाही तर बहीणही कुणाची म्हणायची, हा प्रश्न होताच. वन्सं. तिच्या वयाच्या बायकांपैकी कोणी नणंदेला वन्सं म्हणत नव्हतं. तिनंही पहिल्यांदा म्हटलं ते चेष्टेनं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, जुन्या नाटकातल्या सुनेसारखा पदराचा खोटा चाळा करून. त्यावर त्या माऊलीनं गंभीरपणे "बोला, सूनबाई" असं उत्तर दिलं होतं आणि दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून हसल्या होत्या. चेष्टेतलं ते नाव मग कायमचं झालं. आणि नंतर घरच राहिलं नाही तसं नावही राहिलं नाही. फोनमधून तिनं ते स्वतःच पुसलं होतं. किती वर्षांनी हा आवाज, आणि तो कशी आहेस विचारत नव्हता.

"तू आत्ता तुझ्या खात्यात शिरते आहेस का? दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवरून?"

"नाही. मी कामावर आहे. कोणतं खातं?"

"तुझं मुख्य खातं. ज्यात तुझे सगळे डोळे आहेत ते. माझ्या मोबाइलवर सकाळपासून त्याचे कोड येताहेत. पहिल्यांदा वाटलं, तूच असशील. आता तर एक गृहस्थ मोबाइलवर येऊन बसलाय. अतिशय गोड बोलतो. म्हणतो, मी कंपनीतून बोलतोय, तुमच्या सुरक्षेसाठी आलेला कोड वाचून दाखवा. त्याला म्हटलं, थांबा हं, चष्मा शोधते. आणि आत येऊन घरच्या फोनवरून तुला लावला. तुझा नंबर पाठ होता अजून."

"तो थांबलाय?"

"थांबेल. मला चष्मा सापडेपर्यंत थांबेल."

हसू येण्याआधीच तिला त्या खात्यात काय काय आहे ते आठवलं. खात्यात डोळे होते म्हणजे नुसती रंगवलेली बुबुळं नव्हती. प्रत्येक माणसाचे फोटो होते. डोळा बनवायचा तर आधी रिकाम्या खोबणीचा फोटो लागतो, मग सबंध चेहऱ्याचा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, पापणी किती खाली येते, गाल कुठे ओढला गेलाय हे सगळं दिसेल असा. न्यायाधीश होते एक, ज्यांच्या कोर्टातल्या कोणालाही माहीत नव्हतं. शाळेत गाणं शिकवणारी बाई होती, जी पोरांकडे नेहमी डावीकडून बघायची. एक मुलगी होती, जिच्या आईनं लहानपणापासून तिचा प्रत्येक फोटो एका बाजूनंच काढलेला होता. ही सगळी माणसं कॅमेरा वर होताना एकच विचारायची. हे तुमच्याकडेच राहतील ना? आणि ती म्हणायची, माझ्याकडेच. किती सहज म्हणायची. पाणी हवं का विचारावं तितकं सहज. माझ्याकडे म्हणजे कुठे, याचा विचार तिनं कधी केला होता? माझ्याकडे म्हणजे एका पासवर्डच्या मागे, आणि तो पासवर्ड तिनं रंगांच्या ऑनलाइन दुकानातही तोच ठेवला होता, कारण लक्षात ठेवायला सोपा. आणि त्या दुकानात वन्संचा नंबर दिलेला होता, कारण पूर्वी रंगांचे खोके त्यांच्याच घरी यायचे. काही महिन्यांपूर्वी त्या दुकानाचं एक पत्र आलं होतं, ग्राहकांची माहिती बाहेर गेली आहे, कृपया पासवर्ड बदला. तिनं ते वाचलं होतं. संध्याकाळी बघू म्हणून बाजूला ठेवलं होतं. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी येऊन गेल्या होत्या.

"ऐकते आहेस का?"

"हो."

"पासवर्ड त्याच्याकडे आहे, पण कोड नाही. म्हणून अजून तो दारातच आहे. कॉम्प्युटर उघड. मी सांगते तसं कर. घाबरायचं नंतर."

मास्तर खुर्चीतून उठले होते. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी टेबलावरचे रंग हलक्या हातानं बाजूला सारले आणि तिचा कॉम्प्युटर तिच्यासमोर ओढून दिला. तिनं खातं उघडलं. सुरक्षा नावाचं पान तिनं याआधी कधी उघडलं होतं हे तिला आठवेना. पासवर्ड बदला वर दाबल्यावर पडद्यानं तिलाच संशयानं विचारलं, तुम्ही तुम्हीच आहात का, आणि तुमच्या पर्यायी क्रमांकावर कोड पाठवला आहे असं सांगितलं. पुढे नंबराचे शेवटचे दोन आकडे होते. वन्संच्या मोबाइलचे, ते तिला लगेच ओळखता आले.

"आला," वन्सं म्हणाल्या. "खरं तर मी मीच आहे कशावरून, असं तू मला विचारायला हवंस."

"तुमचा आवाज मी ओळखते."

"आवाजाचं काय घेऊन बसलीस. आवाज हल्ली कोणीही कोणाचाही काढतो. एवढंच लक्षात ठेव, मागतो तो चोर. मी काही मागत नाही, देतेय. घे."

त्यांनी आकडे सांगितले, एकेक सुटा, मध्ये थांबत. त्यांची बोलायची पद्धतच तशी होती. आयुष्यभर त्यांनी इमारतींच्या लिफ्ट तपासल्या होत्या. पुरुषांच्या त्या खात्यात एकटी बाई. बाह्यांवर वंगणाचे डाग, हातात बॅटरी, आणि लिफ्टच्या वर, दोरखंडांच्या अंधारात उकिडवं बसून खाली उभ्या असलेल्या मेकॅनिकला ओरडून विचारायचं, ब्रेक धरला का? त्यानं हो म्हटलं तरी पुन्हा विचारायचं, बघून सांग. घरीही तेच. गॅस बंद केला का? बघून सांग. सुरुवातीला तिला या बाईचा राग यायचा. आपल्या भावाच्या घरात येऊन खिडकीच्या कड्या हलवून बघणारी नणंद. मैत्रिणींना सांगायला छान होतं, तिनं सांगितलंही होतं, तिखटमीठ लावून. ते खातंसुद्धा वन्संनीच उघडून दिलं होतं. तेव्हा ती एका मोठ्या दवाखान्यात डोळे बनवायला शिकत होती आणि फोटो कुठेही ठेवायची, कधी नवऱ्याच्या फोनमध्ये, कधी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर. एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वन्संनी तिला समोर बसवलं. लोक तुझ्यासमोर चेहरा उघडा करतात आणि तू तो कुठेही टाकतेस? मग खातं उघडलं. पर्यायी क्रमांक विचारला तेव्हा ती सहज नवऱ्याचा नंबर सांगायला लागली होती. तो तिथेच सोफ्यावर पाय पसरून पडला होता. वन्सं म्हणाल्या, त्याचा नको, तो स्वतःच्या खिशातला फोन घरभर शोधतो, माझा टाक. तिघंही हसले. तोसुद्धा हसला. हसण्यावारी गेलेल्या त्या क्षणात आपल्यासाठी काय ठरलं हे तेव्हा कोणाला कळलं होतं? नंतर वन्सं म्हणाल्या होत्या, वर्षातून दोनदा हे पान उघडून बघायचं, काय जुनं झालं, काय बदलायचंय. लिफ्ट काय नि खातं काय, पडल्यावर तपासण्यात अर्थ नाही. ती हो हो म्हणाली होती. हो हो म्हणजे नाही, हे वन्संना नक्की कळलं असणार.

नवा पासवर्ड झाला. मग वन्संनी तिला कुठे कुठे हे खातं उघडं आहे ते बघायला सांगितलं. पडद्यावर एकामागून एक यंत्रं आली आणि तिला ओशाळल्यासारखं झालं. मागचा फोन, त्याच्या मागचा, जो पाण्यात पडला होता. दवाखान्यातला कॉम्प्युटर, तिथून तर तिनं नोकरी केव्हाच सोडली होती. आणि तळाशी, जुन्या घरातला तो जाडजूड कॉम्प्युटर, ज्याच्यावर दुपारी ऊन यायचं आणि पडदा ओढावा लागायचा, आणि जो शेवटच्या वर्षी बंदच पडला होता. ते घर सोडलं त्या दिवशी भांडण झालं नव्हतं, हेच त्यातलं वाईट होतं. नवरा वाईट नव्हता. दोघं एकमेकांना हळूहळू दिसेनासे झाले होते इतकंच. तिनं कपड्यांच्या बॅगा भरल्या, रंगांचे डबे भरले, आणि खोलीत मागे वळून बघताना त्या कॉम्प्युटरकडेही बघितलं होतं, पण आपण त्याच्यात अजून उघड्या आहोत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानंतर वन्सं आल्या नाहीत, फोन केला नाही. तिनं समजूत घातली, शेवटी भाऊ तो भाऊच. तिनं स्वतः तरी कुठे केला? करायला शब्दच नव्हता. वन्सं म्हणून हाक मारायची तर ते नातं मोडून आलेली, आणि नावानं कधी हाक मारलेली नाही.

"सगळी बाहेर काढ," वन्सं म्हणाल्या. "सगळीकडून. जिथे तू आत्ता बसली आहेस ते सोडून."

तिनं दाबलं. यंत्रं एकेक करून मावळली.

"झालं?"

"झालं."

"बघून सांग."

"बघितलं. झालं."

"थांब मग, त्या गृहस्थांना मोकळं करते." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चपला सरकल्या, आणि लांबून वन्संचा आवाज ऐकू आला, म्हाताऱ्या बाईचा काढलेला, लाडिक: "सापडला बाई एकदाचा चष्मा! आहात ना? हां, घ्या लिहून. कमाल भार चारशे आठ किलो. सहा माणसं. त्याच्यावर एक जरी चढलं तरी लिफ्ट हलत नाही... हॅलो? हॅलो?" मग चपला परत आल्या. "ठेवला. मागे आभारसुद्धा मानले नाहीत. तुझ्याशी नंतर बोलते, अंगाला दरदरून घाम फुटलाय माझ्या." आणि फोन बंद झाला. ती आभार मानायला तोंड उघडत होती ते तसंच राहिलं.

खोलीत आता नेहमीचेच आवाज होते. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या प्रयोगशाळेतलं घासण्याचं यंत्र, रस्त्यावर कोणीतरी शटर वर करतंय, खिडकीच्या काचेवर माशी. तिनं ब्रश उचलला आणि हात थरथरतोय म्हणून परत ठेवला.

"असं करू नका," मास्तर म्हणाले. "पाण्यात माणूस घाबरलं की मी त्याला पोहायला नाही लावत. म्हणतो, काही करू नका, पाठीवर पडा. पाणी धरतं. बसा जरा."

ती बसली. आणि मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. लपवता आलं असतं. काही गेलं नव्हतंच. पण त्यांचा उघडा चेहरा समोर होता आणि त्याच चेहऱ्याचे फोटो त्या खात्यात होते. "तुमचेही आहेत त्यात," ती म्हणाली. "बायकोनंही न पाहिलेले. कोणाला दिसले नाहीत, पण दिसले असते. चूक माझी. तुम्ही म्हणाल तर आत्ता काढून टाकते. डोळा तुम्हाला समोर बसवून मी पुरा करीन."

मास्तरांचं बोट हातातल्या चष्म्याच्या काडीवरून फिरत राहिलं. मग त्यांनी भलतंच विचारलं. "या ज्या बाई आहेत, कोड येणाऱ्या, त्यांना दिसत होते का फोटो?"

"नाही. त्यांच्याकडे फक्त नंबर होता."

"पण त्यांनी ठरवलं असतं तर? पासवर्ड विसरलो म्हणायचं, कोड मागवायचा, तो त्यांच्याच फोनवर येणार. म्हणजे आत जाता आलं असतं. आजच नाही, इतकी वर्षं कधीही."

"हो," ती म्हणाली.

"आणि गेल्या नाहीत."

"नाही."

"मग असू द्या माझे फोटो," मास्तर म्हणाले आणि मान पुन्हा उजेडाकडे वळवून बसले. "करा सुरू. हात राहील आता स्थिर."

हात खरंच राहिला. तिनं राखाडीत थोडा पिवळा घातला, कारण मास्तरांच्या डाव्या डोळ्यात बाहुलीभोवती पिवळ्याची एक तुटक झालर होती, उन्हात बघितल्याशिवाय न दिसणारी. पण रंग लावत असताना ती मास्तरांच्या 'गेल्या नाहीत' या शब्दांपाशी अडकून राहिली. तिनं आयुष्यात हिशेब धरला होता तो कोण आलं आणि कोण गेलं याचा. कोण वाईट दिवसांत दाराशी आलं, कोणी निरोप पाठवला, कोण फिरकलंच नाही. न आलेल्यांच्या रांगेत वन्सं पहिल्या होत्या. आणि आता कळत होतं की एक माणूस आत न येण्याचं काम करत होतं. वर्षानुवर्षं, रोज, कोणी न सांगता. असल्या कामाचा आवाज होत नाही, ते झालं म्हणून कोणाला कळत नाही, ते झालं नाही तरच कळतं. घटस्फोटाच्या दिवसांत त्या खात्यात काय काय होतं! बहिणीला लिहिलेली लांबलचक पत्रं, ज्यांत वन्संच्या भावाबद्दल तर होतंच, खिडकीच्या कड्या हलवण्यावरूनही होतं. अर्धवट लिहून न पाठवलेली पत्रं. दुसऱ्या एका माणसाला लिहिलेलं एक, ज्याचं पुढे काहीच झालं नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आपण बिनकडीच्या घरात इतकी वर्षं निवांत झोपलो, आणि झोप लागली ती नशिबानं लागली असं समजत राहिलो. भीती आता राहिली नव्हती, रडूही नव्हतं. बाहेर ऊन होतं, मास्तर श्वास घेत होते, झालर जमत चालली होती, आणि या सगळ्याबद्दलच तिला एकदम फार बरं वाटलं, कोणीतरी पाठीवरचं ओझं न विचारता उचलून घ्यावं तसं.

संध्याकाळी मास्तर गेल्यावर तिनं फोन केला. खिडकी उघडी होती आणि समोरच्या इमारतीत कोणीतरी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालत होतं.

"वन्सं," ती म्हणाली. शब्द बाहेर पडताना अडखळला नाही याचंच तिला आश्चर्य वाटलं.

"बोला, सूनबाई," पलीकडून आलं, आणि लगेच, जरा खाली येऊन, "बघितलंस ना सगळं नीट?"

"बघितलं. रंगांच्या दुकानाचंही बदललं. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड केला. दुपारी तुम्ही फोन ठेवलात, मला काही बोलताच आलं नाही. मी तुम्हाला इतक्या वर्षांत..."

"ते राहू दे गं."

"राहू कसं द्यायचं? तुम्ही एकदाही फोन का नाही केलात?"

"काय म्हणून करणार? तुझा मोडलेला संसार, माझा भाऊ. मी कोणाच्या बाजूनं बोलले असते तरी वाईटच दिसलं असतं. आणि तुझे मेसेज यायचे की मला."

"मी कधी पाठवले?"

"तू नाही. खातं. नव्या फोनवरून प्रवेश केला आहे. नव्या कॉम्प्युटरवरून प्रवेश केला आहे. वाटायचं, चला, कॉम्प्युटर घेतला, म्हणजे काम बरं चाललंय. मध्ये एकदा फार दिवस काहीच आलं नाही. तेव्हा मात्र मी तुझ्या दवाखान्यात फोन केला होता, नाव न सांगता. म्हणाले, त्यांनी नोकरी सोडली, स्वतःचं सुरू केलंय. मग त्या रात्री झोप लागली."

ती खिडकीच्या चौकटीला धरून उभी होती.

"आणि आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते," वन्सं म्हणाल्या. "तुमचे कागद चालले होते तेव्हा त्यानं माझ्याकडे कोड मागितला होता. म्हणाला, नुसतं बघतो, तिनं माझ्याबद्दल कोणाला काय लिहिलंय. नाही म्हटलं. म्हटलं, माझ्या फोनवर आलं म्हणून ते माझं होत नाही. वर्षभर बोलला नाही माझ्याशी."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कशाला? त्याच्यामुळे." मग आवाज नेहमीसारखा कोरडा झाला. "बरं, ते पान अजून उघडं आहे का? पर्यायी क्रमांकात माझा नंबर आहे तो काढ आता. जुना झाला. तुझ्या माणसाचा कोणाचा तरी टाक."

तिनं कॉम्प्युटरकडे बघितलं. पान उघडंच होतं. दुपारपासून ती त्या ओळीपाशी दोनदा जाऊन परत आली होती. बहिणीचा नंबर टाकता आला असता. बहीण परदेशात, फोन उचलायला तिला दोन दिवस लागायचे, आणि पोटात काही राहत नाही म्हणून ती प्रसिद्ध होती.

"इतकी वर्षं तो राहून गेला होता," ती म्हणाली. "आज मी विचारते. ठेवू का?"

"विचारून ठेवतेस?"

"हो. विचारून ठेवते."

"मग राहू दे," वन्सं म्हणाल्या, आणि नाक ओढल्याचा आवाज आला, तो सर्दीचा आहे असं दोघींनी धरून चालायचं ठरवलं. "मग एक काम तूही कर माझं. माझ्या खात्यात अजून त्याचाच नंबर आहे. आणि त्यानं तो बदलला. मला परवा कोणाकडून तरी कळलं. सांगायचं राहून गेलं असेल, रागानं काही नाही. पण उद्या मी अडकले तर कोड जायचा कुठे? तुझा टाकू?"

"टाका. आत्ताच टाका."

"बसले आहे उघडूनच." कळा दाबल्याचे आवाज येत राहिले, सावकाश, एका बोटानं. त्या आता एकट्या राहत होत्या, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण फोनमधल्या खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता. तिला वाटलं, रविवारी जावं. जाऊन त्यांच्या खिडक्यांच्या कड्या बघाव्यात. "नंबर झाला. आता नातं विचारतंय हे. आई आहे, वडील आहेत, जोडीदार, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. भावजय कुठे दिसत नाही."

"भावजय म्हटलं तर भाऊ आला मध्ये."

"तेही खरंच."

"इतर असेल बघा शेवटी. इतर टाका."

"इतर कशाला?" वन्सं एकदम करवादल्या. "तू काय इतर आहेस?" पुन्हा कळ वाजली, एकच, ठाम. "टाकलं."

"काय टाकलंत?"

"तुला काय करायचंय? माझं खातं आहे, मी वाटेल ते टाकीन."

ती हसली. विचारावंसं फार वाटत होतं, पण तिनं विचारलं नाही. तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. कोड आला होता.

"आला का?"

"आला," ती म्हणाली, आणि एकेक आकडा सुटा करून, मध्ये थांबत, वाचून दाखवायला लागली.